अंधारातला खर्च



गेल्या महिन्यात या सदरातून बँक खात्यांच्या वारसनोंदीविषयी लिहिले होते. अनेक वाचकांनी घरातील जुनी पासबुके काढून नोंदी तपासल्याचे दूरध्वनीवरून कळविले, तेव्हा लिहिण्याचे सार्थक झाले असे वाटले. त्याच उत्साहात या महिन्यासाठी लॉकरच्या करारनाम्यावर टिपणे काढली होती. बँकेतील एक जुने स्नेही, ज्यांना आम्ही सर्वजण अण्णा म्हणतो, त्यांना ती टिपणे वाचून दाखवीत होतो. त्यांनी मला मध्येच थांबविले आणि विचारले, "सगळ्यांची खाती तपासतोस, तुझं स्वतःचं कधी उघडून दाखवणार?" त्यांना अभिप्रेत असलेले खाते बँकेतील नव्हते, माझ्या देहाचे होते. त्या खात्यात अण्णांचाही मोठा वाटा आहे. म्हणून लॉकरचा विषय पुढील महिन्यावर ठेवून आज हे खाते वाचकांपुढे मांडतो.

मी कोल्हापूरचा. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला तो याच गावात. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट तयार झाला, तोही येथेच. अशा गावात चित्रपटाचे वेड हे कोणी व्यसन मानीत नाही. ते येथल्या पाण्यातच आहे असे धरून चालतात. १९७५ मध्ये 'शोले' आला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तो किती वेळा पाहिला याचा हिशेब वडिलांना कधी दिला नाही आणि आता देण्याची सोय राहिलेली नाही. पुढे शिवाजी विद्यापीठाची एम.कॉम. पदवी घेऊन १९८१ मध्ये बँकेत लागलो. पहिल्या पगारातून आईला पातळ घेतले आणि उरलेल्या पैशांतून बाल्कनीची तिकिटे काढली.

त्या शाखेत अण्णा मुख्य रोखपाल होते. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्या काळी शनिवारी बँकेचे कामकाज अर्धा दिवस असे. रोकड जुळली की आम्ही दोघे सायकलींवरून थेट तीनच्या खेळाला जात असू. एका शनिवारी रोकडीत पाच रुपयांचा फरक निघाला. तिकिटे खिशात होती. मी म्हणालो, "अण्णा, पाच रुपये मी घालतो, चला." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पाच रुपये घालशील, पण फरक कुठून आला ते कुठं घालशील?" एकेक व्हाउचर पुन्हा तपासले गेले. एका चलनातील आकडा चुकीचा वाचला गेला होता. चित्रपटाचा पहिला पाऊण तास बुडाला, पण फरक सापडला. बँकेच्या नोकरीतील पहिला मोठा धडा मी त्या दिवशी शिकलो आणि नोकरीच्या अखेरपर्यंत पाळला. तो फक्त बँकेपुरताच पाळला, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले.

नोकरीवर रुजू होताना दिलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर माझे वजन ५८ किलो आहे. उंची १६५ सेंटिमीटर. चाळिशीत ते ७२ झाले. २०१९ मध्ये निवृत्त झालो तेव्हा ७९ होते. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली, चित्रपटगृहे बंद झाली आणि संपूर्ण चित्रसृष्टी ओटीटीच्या वाटेने आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक असा क्रम सुरू झाला. सोफ्याच्या हातावर चकलीचा, फरसाणाचा किंवा खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा असे. सौ. म्हणत असे, "अहो, डबा परवाच भरला होता." मी पडद्यावरची नजर न काढता उत्तर देई, "पाहुणे आले असतील." टाळेबंदीत पाहुणे!

फेब्रुवारी २०२४ मध्ये गुडघेदुखीसाठी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा काटा ८७.४ वर थांबला. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी कागदावर आकडे मांडले. बीएमआय ३२, भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन अधिक आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात. पोटाचा घेर १०६ सेंटिमीटर. पुरुषांसाठी मर्यादा ९०. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी चाचणी ६.३, मधुमेहाची रेषा ६.५ वर. "काका," ते म्हणाले, "तुमच्या भाषेत सांगायचं तर खातं अजून बुडीत नाही, पण हप्ते थकलेत."

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ४३ वर्षांत २९.४ किलो. म्हणजे वर्षाला सरासरी पावणेसातशे ग्रॅम. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक, असे धरतात. त्या हिशेबाने रोजची शिल्लक निघते जेमतेम १४ ते १५ उष्मांकांची, म्हणजे दोन-तीन शेंगदाण्यांइतकी! हे कागदावरचे गणित आहे. शरीर इतक्या सरळ रेषेत चालत नाही आणि माझी बरीच वाढ तर शेवटच्या काही वर्षांतली आहे. तरीही जन्मभर इतरांना छोट्या बचतीचे आणि चक्रवाढीचे महत्त्व समजावून सांगणाऱ्या माणसाच्या अंगी ती योजना किती चोख राबविली गेली होती, हे पाहून मी थक्क झालो.

आता प्रयत्नांची कथा. पहिला उपाय म्हणून मी चित्रपटच बंद केले. सर्व अनर्थाचे मूळ तेच आहे, अशी माझी खात्री झाली होती. तीन आठवडे पडद्याकडे पाहिले नाही. या काळात माझा स्वभाव असा झाला की चौथ्या आठवड्यात सौ.नेच दूरचित्रवाणी लावून दिली आणि शेजारी डबाही ठेवला. दुसरा उपाय चालण्याचा. पहाटे रंकाळ्यावर अर्धा तास चालू लागलो. परंतु परतीच्या वाटेवर लोणी डोशाची गाडी होती. अर्ध्या तासाच्या चालण्याने माझ्यासारख्याचे सव्वाशे-दीडशे उष्मांक खर्च होतात. ते डोशावरच्या लोण्यातच परत मिळत आणि डोसा वर शिल्लक राही. तिसरा उपाय म्हणून भाद्रपदात दशलक्षण पर्वात एकभुक्त राहिलो. वजन दोन किलो उतरले. पर्व संपले, ठिकठिकाणी पारण्यांची आमंत्रणे आली आणि पंधरा दिवसांत तीन किलो वाढले.

येथे एक कबुली देतो. आमच्या घरी कंदमुळे वर्ज्य आहेत. त्यामुळे मी स्वतःला आहाराच्या बाबतीत संयमी समजत आलो. मध्यंतरात मित्र बटाटेवडे खात तेव्हा मी केळ्याचे वेफर्स खाई आणि मनात थोडा अभिमानही बाळगी. आज उपाहारगृहाच्या यादीत 'जैन' असा शिक्का मारलेले कितीतरी पदार्थ असतात. त्या शिक्क्यावरून त्यात काय नाही हे कळते. लोणी, चीज, साखर आणि तेल किती आहे हे कळत नाही. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० उष्मांक. ते तेल कच्च्या केळ्याला लागले काय किंवा बटाट्याला लागले काय, पोटाच्या हिशेबात फरक पडत नाही.

यानंतर जे घडले ते सांगण्यासाठी अण्णांकडे परत यावे लागेल.

अण्णांना पन्नाशीच्या आधीच मधुमेह जडला. गोळ्या घेत, पण पथ्य थट्टेवारी नेत. डोळे तपासून घ्या असे डॉक्टर दरवर्षी सांगत, अण्णा म्हणत, "मला पडद्यावरची पाटी शेवटच्या रांगेतून वाचता येते, कशाला तपासायचे?" ही समजूत किती चुकीची होती ते पुढे कळले. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने डोळ्याच्या पडद्यातील, म्हणजे नेत्रपटलातील, बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात. त्या झिरपतात, पुढे नव्या नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. सुरुवातीच्या काळात दुखत नाही, खुपत नाही, धूसरही दिसत नाही. दिसेनासे होते तेव्हा पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते. २०२२ च्या उन्हाळ्यात एका सकाळी अण्णांना उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगताना दिसले. वर्षभरात डावा डोळाही तसाच झाला. लेसर झाले, डोळ्यांत इंजेक्शने झाली. जे गेले ते परत आले नाही. आता त्यांना उजेड कळतो, दारात कोणी उभे असल्याचे कळते, चेहरा कळत नाही.

चाळीस वर्षे ज्याच्या शेजारी बसून चित्रपट पाहिले त्याला आता चित्रपटाला चला म्हणणे मला क्रूरपणाचे वाटे. म्हणून मी तो विषयच टाळीत असे. २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांनीच दूरध्वनी केला. "शनिवारी नवीन मराठी पिक्चर लागतोय. तीनचा खेळ. मी ऐकीन, तू बघ आणि सांग."

आम्ही गेलो. कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या घेतल्या, म्हणजे माझ्या कुजबुजण्याने कोणाला त्रास होऊ नये. अण्णांनी काहीही घेतले नाही. मी मात्र सवयीने पॉपकॉर्नचा मोठा डबा घेतला, चीज लावलेला. पहिला अर्धा तास सुरळीत गेला. संवाद अण्णांना ऐकू येतच होते. मधल्या हालचाली मी सांगत होतो. मग एक प्रसंग आला. आईच्या हाती मुलाचे पत्र पडते आणि संवाद थांबतात. नुसते पार्श्वसंगीत. ज्याला दिसत नाही त्याच्या दृष्टीने चित्रपट तेथे संपतोच. अण्णा माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "आवाज थांबला. काय करतीय रं ती?"

मी मान वर केली. त्या क्षणी माझी नजर डब्याच्या तळाशी चीज कुठे साचले आहे ते शोधीत होती. पडद्यावर आई खिडकीपाशी उभी होती. त्याआधी काय झाले ते मी पाहिले नव्हते. तसे सांगायला हवे होते. मी म्हणालो, "काही नाही, खिडकीत उभी आहे."

उत्तरार्धात उलगडले की त्या निःशब्द क्षणांत आईने पत्र चुलीत टाकले होते आणि पुढची सारी कथा त्या जळालेल्या पत्रावर उभी होती. अण्णांना संगती लागेना. घरी येताना रिक्षात ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तिनं ते पत्र तेव्हाच जाळलं होतं. तू तर म्हणालास, खिडकीत उभी आहे." मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने ते हसून म्हणाले, "पॉपकॉर्न चांगला होता वाटतं."

अडतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केली नव्हती. त्या दिवशी केली, आणि तीही ज्याने मला पाच रुपयांचा फरक शोधायला शिकविले त्याच्यापुढे. ज्याला डोळे नाहीत तो कान देऊन चित्रपट पाहत होता आणि ज्याला डोळे आहेत तो डबा चाटत होता. त्या रात्री मला झोप आली नाही. मनात एकच विचार होता. मी चित्रपटांसाठी खात होतो असे इतकी वर्षे समजत होतो. खरे पाहता मी ना चित्रपट नीट पाहत होतो, ना अन्न नीट खात होतो. दोन्हींपैकी एकाचीही चव मला सांगता आली नसती. हात अंधारात डब्यात जात होता, तोंडात येत होता, आणि त्या खर्चाचे एकही व्हाउचर फाडले जात नव्हते. इतकी वर्षे न सापडलेला फरक तेथे होता.

लक्ष दुसरीकडे असताना माणूस अधिक खातो, आणि खाल्ल्याची आठवण नीट न राहिल्याने पुढच्या वेळीही अधिक खातो, असे अभ्यासकांनी प्रयोगांतून दाखविले आहे. मला प्रयोगाची गरज राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी एक जुनी डायरी काढली आणि पहिल्या पानावर तीन नियम लिहिले.

पहिला नियम: पडदा चालू असताना हातात अन्न नाही. चित्रपटगृहात नाही, घरीही नाही. खायचे असेल तर चित्रपट थांबवून, स्वयंपाकघरात जाऊन, ताटात वाढून, बसून खायचे. या एका नियमाने निम्मे काम झाले. कारण चित्रपट थांबवून उठण्याइतकी भूक दहापैकी आठ वेळा लागलेलीच नसते, हे कळून आले. सोफ्यावरचा डबा फळीवर गेला. सौ.ने महिनाभराने सांगितले की फरसाण आणणेच बंद केले आहे. मला ते कळलेही नव्हते.

दुसरा नियम: नोंद आधी, खर्च नंतर. बँकेत पैसे देऊन मग व्हाउचर लिहीत नाहीत. तसे, जे खायचे ते आधी डायरीत लिहायचे. 'दुपारी ४, चहा, दोन चकल्या' असे लिहिताना दुसरी चकली अनेकदा आपोआप खोडली जाते. मी उष्मांक मोजीत बसत नाही. नुसती नोंद प्रामाणिक असली की पुरते.

तिसरा नियम: जेवण सूर्यास्तापूर्वी. आमच्या घरची ही मूळचीच रीत. तरुणपणी सहाच्या खेळासाठी ती पहिल्यांदा मोडली. साडेनऊला घरी येऊन जेवायचे, नाहीतर मध्यंतरातच पोट भरायचे, असे सुरू झाले आणि पुढे तीच सवय झाली. आता आम्ही तीनच्याच खेळाला जातो आणि दिवेलागणीपूर्वी घरी येऊन जेवतो. रात्रीच्या चित्रपटाबरोबर चालणारे सगळे चरणे त्यामुळे मुळातूनच बंद झाले.

याच ओघात एक गोष्ट सांगतो. आपल्या परंपरेत सहा बाह्य तपे सांगितली आहेत. पहिले अनशन, दुसरे अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. तपाचा हेतू पोटाचा घेर कमी करणे हा नव्हे आणि मी माझ्या डायरीला तप म्हणण्याचे धाडस करणार नाही. तथापि अनुभवाने इतके कळले की अनशनाचा निश्चय सकाळी एकदा करावा लागतो. कमी खाण्याचा निश्चय प्रत्येक घासाला करावा लागतो. उपवासाचे दिवस मी सहज पार पाडीत असे. एक पोळी कमी खाऊन ताटावरून उठणे मला पासष्टीत शिकावे लागले.

आणि चालणे? ते अण्णांमुळे टिकले. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि झाली चूक कबूल केली. ते म्हणाले, "दंड भरावा लागेल. मला रोज एक पिक्चर सांगायचा." घरात बसून सांगण्याऐवजी आम्ही रंकाळ्यावर जाऊ लागलो. अण्णा माझा कोपर धरतात. शालिनी पॅलेसच्या बाजूने सुरुवात करतो आणि मी चित्रपट पहिल्या दृश्यापासून सांगू लागतो. नवा चित्रपट असेल तर मला तो आदल्या दिवशी डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. कोणता दिवा लागला, कोण कोणाकडे न पाहता निघून गेले, सारे ध्यानात ठेवावे लागते. जुना असेल तर अण्णाच मला दुरुस्त करतात. साधारण लांबीचा चित्रपट तीन दिवस पुरतो. राज कपूर यांच्या 'संगम'ला दोन मध्यंतरे होती. आमच्याही फेरीत दोन बाक ठरलेले आहेत. अर्ध्या तासाची फेरी हळूहळू पन्नास मिनिटांची झाली, कारण कथा मध्येच सोडून घरी जाण्यास अण्णा तयार नसतात. लोणी डोशाची गाडी अजून तिथेच आहे. अण्णांना तिचा वास लांबूनच येतो. ते म्हणतात, "डावीकडून चल."

आता आकडे, कारण आकड्यांवाचून बँकवाल्याचा लेख पुरा होत नाही. चौदा महिन्यांत वजन ८७.४ वरून ७९.१ वर आले. घेर १०६ वरून ९७ वर. एचबीए१सी ६.३ वरून ५.८ वर. गुडघा जिने उतरताना अजून कुरकुरतो, पण चढताना बोलत नाही. वाटेत मागे-पुढेही झाले. गेल्या दिवाळीत दीड किलो वाढले आणि ते उतरायला दोन महिने लागले. माझ्या उंचीला योग्य म्हणून सांगितलेला आकडा अजून बराच दूर आहे. कदाचित तो गाठणारही नाही. डॉक्टरांनी त्यावर धीर दिला तो एका मोठ्या अभ्यासाचा दाखला देऊन. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना वजन ७ टक्के उतरविणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे एवढेच लक्ष्य दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, आणि साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. म्हणजे कर्ज पूर्ण फेडण्यापूर्वीच व्याजाचा भार उतरू लागतो. आपले वय झाले, आता काय उपयोग, असे म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांनी हा शेवटचा आकडा लिहून ठेवावा.

दोन सूचना मात्र आग्रहाने करतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी, दिसत असो वा नसो, वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून नेत्रपटल तपासून घ्यावे. आपल्याला पाटी वाचता येते ही खूण पुरेशी नाही. अण्णांना शेवटपर्यंत वाचता येत होती. दुसरे, जे साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी उपवास, एकभुक्त किंवा जेवणाच्या वेळांत बदल डॉक्टरांशी बोलूनच करावा. औषध तेच ठेवून अन्न तोडले तर साखर एकदम खाली जाऊन प्राणावर बेतू शकते.

अण्णांना हा लेख पाठविण्यापूर्वी वाचून दाखविला. त्यांच्या डोळ्यांविषयी लिहावे की नाही, असा मला संकोच होता. ते म्हणाले, "लिही. एक जण जरी तपासून आला तरी बास." मग नेहमीप्रमाणे विचारले, "आज रोकड किती?" दर शनिवारी सकाळी ते हेच विचारतात आणि मी काट्यावरचा आकडा सांगतो. या शनिवारी मागच्या आठवड्यापेक्षा तीनशे ग्रॅम अधिक भरले होते. "फरक कुठला?" अण्णा म्हणाले. मी डायरी उघडली. बुधवारी पुतणीच्या साखरपुड्यात श्रीखंडाच्या दोन वाट्या झाल्या होत्या. नोंद होती. फरक सापडला, आणि आम्ही तीनच्या खेळाला निघालो.

पुढील महिन्यात लॉकरचा करारनामा. तोवर जय जिनेंद्र.